बाळाची बाटली कोमट कशी करायची, आणि रात्री अडीच वाजता काय करायचं नाही

आधीच सांगतो, मी डॉक्टर वगैरे नाही, रात्री अडीचची ड्युटी असलेला बाप आहे. बायकोची २६ आठवड्यांची रजा संपली आणि ती परत ऑफिसला जायला लागली तेव्हा आमच्याकडे कामाच्या वाटण्या झाल्या. दिवसा बाळ सासूबाईंकडे, रात्रीचं फीड माझ्याकडे, आणि बायको पंप करून दूध फ्रीजमध्ये ठेवणार. ऐकायला किती सोपं, बाटली काढायची, गरम करायची, पाजायची. पण त्या मधल्या "गरम करायची" वरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे लग्नाच्या मेन्यूवरून पण झाले नव्हते.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. डिसेंबर महिना, पुण्यात धायरीत चौथा मजला, फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही अशी थंडी. मी पातेल्यात पाणी घेतलं, त्यात बाटली उभी केली, गॅस लावला आणि बाळ रडतंय म्हणून त्याला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागलो. परत येऊन बघतो तर पातेलं खदखदतंय, बाटली एका अंगाला कलंडून टकटक टकटक वाजतीये आणि दूध इतकं तापलेलं की बाटली हातात धरवेना. मग ती नळाखाली धरून गार करत बसलो, इकडे रडणं टिपेला पोचलेलं, समोरच्या बिल्डिंगमध्ये लाइट लागला. तेवढ्यात सासूबाई उठून आल्या, पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, दुधाला उकळी नाही आणायची, नुसता गारठा मोडायचाय."

बास, सगळी मेथड त्या एका वाक्यात आहे. दूध गरम करायचंच नाही. पाणी गरम करायचं, गॅस बंद करायचा आणि मग त्या पाण्यात बाटली ठेवायची. पेटलेल्या गॅसवर बाटली कधीही नाही, मंद आचेवर पण नाही, "मी इथेच उभा आहे" म्हणत पण नाही, कारण बाळ रडलं की तुम्ही तिथे उभे राहत नाही हे मी स्वतःवरून सांगतो.

त्याच्याही आधी अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. दूध कोमट करणं कंपल्सरी नाहीये. पूर्ण दिवसांचं, तब्येतीने ठणठणीत बाळ असेल तर रूम टेम्परेचरचं, अगदी फ्रीजमधलं थंड दूध पण चालतं, त्याने सर्दी होत नाही. अंगावरचं दूध ३७ अंशाच्या आसपास असतं म्हणून बऱ्याच बाळांना तसंच आवडतं, एवढाच मामला. तुमचं बाळ थंड पीत असेल तर पुढचं सगळं सोडा आणि झोपा, आणि उगाच कोमटाची सवय लावू नका, आम्ही लावली आणि आता भोगतोय. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर मात्र आपल्या डोक्याने काही न करता डॉक्टर सांगतील तसंच.

आता माझी पद्धत. आपल्याकडे अंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालतात ना, तेच करायचंय. एक उभट भांडं घ्या, पसरट पातेलं नको. आमच्याकडे एक जुना स्टीलचा उभा डबा आहे, पूर्वी त्यात पोहे असायचे, आता तो "बाटलीचा डबा" म्हणूनच ओळखला जातो. उभटच का, तर अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली हलकी असते, पसरट भांड्यात ती तरंगते आणि आडवी होते, मग बुचापाशी पाणी जातं. उभ्या डब्यात ती सरळ राहते आणि पाणी पण कमी लागतं.

डब्यात एक वाटी उकळतं पाणी आणि वर दीड वाटी नळाचं साधं पाणी घाला. वाटी म्हणजे आपली आमटीची, साधारण दीडशे मिलीची. हे पाणी पन्नास-पंचावन्न अंशावर येतं, म्हणजे बोट घातलं तर चटका बसत नाही पण फार वेळ ठेववतही नाही. यात फ्रीजमधली १२० मिलीची बाटली ठेवली की पाच-सात मिनिटांत काम होतं. आणि या मापाची खरी गंमत म्हणजे तुम्ही विसरलात, बाळाला घेऊन पेंगलात, तरी दूध जास्त तापू शकत नाही, कारण पाण्यात तेवढी उष्णताच नाहीये, दोघं मिळून चाळिशीच्या आसपास येऊन थांबतात आणि मग हळूहळू गार व्हायला लागतात. स्वयंपाकघरातला थर्मामीटर घालून मी हे चार-पाच वेळा बघितलंय (इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार). बाटली लहान असेल, ६० मिलीची वगैरे, तर पाणी पण निम्मं घ्या, नाहीतर दूध थोडं जास्त गरम होतं. मे महिन्यात गच्चीवरची टाकी तापून नळालाच गरम पाणी येतं, तेव्हा विसण म्हणून माठातलं पाणी घ्या.

पाण्याची पातळी बाटलीतल्या दुधाएवढी असावी, झाकणाच्या रिंगेच्या बरीच खाली. निप्पल आत्ता लावू नका, गरम होताना आतली हवा फुगते आणि निप्पलमधून दूध गळतं, साधं चपटं झाकण लावा आणि निप्पल पाजताना लावा. मधे दोनदा बाटली उचलून गोल फिरवा. जोरात खुळखुळा केल्यासारखं हलवायचं नाही, फेस होतो आणि मग पोटात हवा जाते. बाटली काढल्यावर बाहेरून फडक्याने नीट पुसा, नाहीतर रिंगेत अडकलेलं पाणी थेट बाळाच्या मानेवर, आणि एकदा मानेवर गार थेंब पडला की फीड गेलं म्हणून समजा.

काचेची बाटली जरा लवकर तापते, स्टीलची त्याहून लवकर. पण स्टीलच्या बाटलीत आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून रात्री मी ती वापरत नाही. काचेची असेल तर डीप फ्रीजरमधून काढून थेट गरम पाण्यात घालू नका, तडकते. आणि तडा बारीक असला की दिसत नाही, ती बाटली सरळ टाकून द्यायची, लोभ नको.

मग मनगटावर थेंब टाकून बघायचं, हे सगळ्यांना माहिती असतं. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन-तीन थेंब, ना गरम ना गार असं वाटलं पाहिजे, नुसतं ओलं लागलं पाहिजे. यातली मेख कोणी सांगत नाही. थंडीत तुम्ही नळाच्या बर्फासारख्या पाण्यात हात धुता आणि लगेच थेंब टाकता, तेव्हा ठीक असलेलं दूध पण गरम वाटतं. आणि उलटं झालं तर जास्त वाईट, गरम पाण्यात बाटल्या घासून झाल्या की लगेच थेंब टाकला तर खरंच गरम असलेलं दूध कोमट वाटतं. हात आत्ताच ओले केले असतील तर कोपराच्या आतल्या बाजूला टाकून बघा, तिथली कातडी खरं बोलते.

फ्रीजमधून बाटली काढल्यावर पहिल्यांदा मी घाबरलो होतो ते पण सांगतो. आईचं दूध ठेवलं की दोन थर होतात, वर पिवळसर साय काचेला चिकटलेली आणि खाली पातळ, थोडं निळसर पाणी असल्यासारखं. मला वाटलं नासलं. तब्बल ९० मिली दूध सिंकमध्ये ओतलं. सकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसतं बघत राहिली, ती नजर अजून आठवते. ऑफिसमधल्या एका कोंदट खोलीत अर्धा-अर्धा तास बसून काढलेलं ते दूध होतं. तर, थर झाले म्हणजे नासलं नाही, कोमट करून गोल फिरवलं की परत एकजीव होतं. कधी कधी साबणासारखा वास पण येतो, विशेषतः फ्रीजरमधल्या दुधाला, तो लायपेज नावाच्या एन्झाइममुळे, त्याने दूध खराब होत नाही, फक्त काही बाळं तोंड फिरवतात. आंबट, कुजका वास आला तर मात्र टाका.

किती वेळ ठेवायचं याचा हिशोब फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा, रात्री डोकं चालत नाही. ताजं काढलेलं आईचं दूध २५ अंशापर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, डीप फ्रीजरमध्ये ६ महिने चांगलं आणि फार तर १२ महिने. आता हे २५ अंश वाचून पुण्याच्या एप्रिलमध्ये ४ तास मोजत बसू नका, पारा ४० ला टेकलेला असताना काढलं की लगेच फ्रीज. फ्रीजमध्ये पण दारात नाही, मागच्या बाजूला, कारण आमच्याकडे ते दार कोथिंबिरीसाठी, ताकासाठी, उगाच बघायला म्हणून दिवसातून पन्नास वेळा उघडतं. एकदा कोमट केलं की २ तासांत संपवा. उष्ट्या बाटलीचं पण तेच, पाजून झाल्यापासून २ तासांच्या आत परत पाजता येतं, नंतर टाकायचं, कारण लाळ आत गेलेली असते. कोमट केलेलं परत फ्रीजमध्ये ठेवून सकाळी परत कोमट, असा काटकसरीपणा नको. त्यापेक्षा ठेवतानाच ६०-९० मिलीचे छोटे भाग करा, टाकावं लागलं तरी थोडंच जातं. बाटलीवर पेंटरची कागदी चिकटपट्टी लावून तारीख लिहा, पेनने बाटलीवरच लिहिलं तर ओलाव्याने पुसतं.

फ्रीजरमधलं दूध असेल तर आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवा. घाई असेल तर आधी नळाच्या साध्या पाण्याखाली, मग कोमट पाण्याखाली. पूर्ण वितळल्यापासून फ्रीजमध्ये २४ तास, आणि वितळलेलं परत गोठवायचं नाही.

मायक्रोवेव्ह. यावर माझा मित्र मला रोज ऐकवतो की आम्ही तर वीस सेकंद फिरवतो, काही होत नाही. होतं असं की मायक्रोवेव्ह दूध सारखं तापवत नाही, मधेच एखादा भाग कढत आणि बाकीचं गार, बाहेरून बाटली तर गारच लागते. मनगटावर पडलेले तीन थेंब कुठल्या भागातले आहेत ते तुम्हाला कळत नाही, बाळाच्या टाळूला कळतं. शिवाय आईच्या दुधात जे रोगप्रतिकारक घटक असतात ते जास्त तापलं की नष्ट होतात. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली आशियातली पहिली ह्यूमन मिल्क बँक सुरू झाली, तर अशा मिल्क बँकांमध्ये दान आलेलं दूध जंतू मारण्यासाठी तापवतात ते पण ६२.५ अंशावर ३० मिनिटं, काटेकोर मोजून. जिथे जंतू मारायचेच आहेत तिथे एवढी मोजमाप, आणि आपण घरी अंदाजपंचे बटण दाबायचं? मी नाही दाबत.

इलेक्ट्रिक बॉटल वॉर्मर घ्यावा का, तर आमच्याकडे भेट आलाय. बरा आहे, बटण दाबा आणि विसरा. पण दोन अडचणी. एक, पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी वीज जाते हे सगळ्यांना पाठ आहे, त्या दिवशी वॉर्मर म्हणजे ओट्यावरचा शोपीस, पोह्यांचा डबाच कामाला येतो. (वीज गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, बंद राहिलं तर आतला गारवा साधारण ४ तास टिकतो.) दुसरी अडचण पाण्याची. खडकवासल्याचं पाणी येत असेल तर नशीबवान आहात. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअर, महिन्याभरात वॉर्मरच्या तळाशी पांढरा खरखरीत थर बसला आणि दूध कोमट व्हायला दुप्पट वेळ लागायला लागला, मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. तो थर क्षारांचा. अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, किंवा चमचाभर लिंबूसत्त्व पाण्यात घालून अर्धा तास ठेवलं आणि धुतलं की निघतो. नंतरपासून वॉर्मरमध्ये मी फिल्टरचंच पाणी घालतो. आणि वॉर्मरमध्ये बाटली तासन्तास "कोमट राहू दे" म्हणून ठेवायची नाही, ते तापमान जंतूंना पण फार आवडतं.

पावडरचं दूध देत असाल तर गणित उलटं आहे, तिथे कोमट करायचं नसतं, कोमटावर आणायचं असतं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की ती ७० अंशापेक्षा कमी नसलेल्या पाण्यात कालवा. म्हणजे पाणी उकळा, झाकून ठेवा, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. आधी बाटलीत पाणी मोजा, मग पावडर घाला, उलटं केलं तर माप चुकतं. चमचा डब्यातलाच आणि सपाट, शीग लावून नाही. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर ३० मिलीला एक चमचा असं असतं पण तुमच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. मग बंद बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरून कोमटावर आणा. केल्यापासून २ तासांत पाजा, आणि बाळाने तोंड लावलं की तासाभरात संपवा, उरलेलं टाका. फ्रीजमध्ये ठेवलं तर २४ तास, आणि ते थंड झालेलं परत पाजताना आपला डबा आणि विसण आहेच. आणि वर्षाच्या आत बाळाला गाईचं-म्हशीचं दूध बाटलीत भरून द्यायचं नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

आजीवरून आठवलं. माझी आई साताऱ्याहून आली ती चांदीचं बोंडलं (बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी) घेऊन, "अरे, तुला यातनंच पाजलंय, बाटल्या कसल्या आणता." मी हसलो, आणि पुढच्याच व्हिजिटला आमच्या डॉक्टरांनी आईचीच बाजू घेतली. बाटली-निप्पल नीट स्वच्छ होत नाही, वाटी-चमचा किंवा बोंडलं धुवायला सोपं, शिवाय अंगावर पिताना गोंधळ होत नाही. आपल्याकडे तर १९९२ च्या कायद्याने बाटल्यांच्या आणि पावडरच्या जाहिरातीवरच बंदी आहे, ती उगाच नाही. तेव्हापासून दिवसा सासूबाई बोंडल्याने पाजतात, रात्री मी बाटलीने, कारण अंधारात बोंडल्याने पाजणं माझ्याच्याने होत नाही, निम्मं बाळाच्या गळ्यावर सांडतं. बोंडल्यासाठी दूध कोमट करायचं असेल तरी डबा आणि विसण तेच, फक्त बोंडलं लवकर गार होतं म्हणून थोडं थोडं ओता.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. उकळतं पाणी ओतताना बाळ कडेवर नको, कितीही रडू दे, पाळण्यात ठेवा. डबा ओट्याच्या कडेला नको. चुकून भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, बर्फ, टूथपेस्ट, हळद यातलं काही लावू नका आणि डॉक्टर गाठा.

प्रवासात मी थर्मासमध्ये उकळतं पाणी, एक साध्या पाण्याची बाटली आणि एक उभा स्टीलचा ग्लास नेतो. ग्लासात बाटली जेमतेम मावते त्यामुळे पाणी कमी बसतं आणि मधे एकदा बदलावं लागतं. दूध आइसपॅकच्या पिशवीत, ते नीट गार राहिलं तर २४ तास चालतं. साताऱ्याला जाताना थर्मास संपला तर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर "बाळासाठी थोडं गरम पाणी द्या" म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही, पैसे पण घेत नाहीत. फक्त पाणी आपल्या ग्लासात घ्या, बाटली त्यांच्या हातात देऊ नका. खंबाटकी घाटाच्या अलीकडे एका काकांनी प्रेमाने बाटली घेतली आणि निप्पलसकट चहाच्या पातेल्यात उभी केली, पुढे चार वेळा उकळली तरी निप्पलचा आल्याचा वास गेला नाही. बाळाने मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच बाटली शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.